म्हापसा की मडगाव? पुरुमेंताची फेरी: कधी जावे, काय घ्यावे, कसे टिकवावे

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळी सुट्टीत चार दिवस गोव्यात काढायचे आहेत, पण किनाऱ्यासाठी नाही, बाजारासाठी. पावसाळ्याआधी म्हापशात आणि मडगावात पुरुमेंताची (पावसाळी बेगमीची) मोठी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, भरते एवढे ठाऊक आहे. आम्ही चौघे आहोत: आम्ही दोघे, सासूबाई (वय 68, मासळीच्या पक्क्या पारखी) आणि आठ वर्षांची लेक. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे आमच्याच गाडीने येणार.

विचारायचे ते असे. दोन्हींपैकी एकच फेरी जमणार असेल तर कोणती? तारखा कशा काढायच्या? आमच्या कालनिर्णयात त्या सापडत नाहीत. मिरची, सोडे (सुकी कोलंबी), खारे बांगडे, आमसुले वर्षभराची घ्यायची तर चौघांना किती लागतात? आणि मुख्य म्हणजे ते सगळे ऑगस्टपर्यंत टिकते कसे? मागे बाजारातून आणलेल्या सुक्या मिरचीला श्रावणात बुरशी आली, सगळी टाकावी लागली. घेताना चुकले की ठेवताना, ते कळले नाही.

मुलीला रमवणारे काही असेल तर तेही सांगा.

बार्देसकर

स्वागत. आधी तारखांचे बघू, कारण चुकीच्या आठवड्यात आलात तर रस्त्यावर नुसते प्लास्टिकच्या बादल्यांचे गाडे दिसतील.

दोन्ही फेस्ते (चर्चचे उत्सव) ईस्टरवर चालतात, म्हणून दरवर्षी सरकतात. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीचे (मेरीमातेचे) फेस्त ईस्टरनंतर पंधराव्या दिवशी, सोमवारी. मडगावची पुरुमेंताची फेरी पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या आसपास, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी. 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून मिलाग्रिस 20 एप्रिलला आणि पेंटेकोस्ट 24 मे रोजी. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला, म्हणून 12 एप्रिल आणि 16 मे. हा हिशेब एकदा लक्षात ठेवला की कुठल्याही वर्षी कामाला येतो.

पुरुमेंत हा मूळचा पोर्तुगीज शब्द. अर्थ तरतूद, साठवण. कोकणात ज्याला आगोटीची बेगमी म्हणतात तीच ही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, 61 दिवस. ताजी मासळी कमी, ऊन नाही, काही वाळवता येत नाही. म्हणून त्याआधी मिरची, सुकी मासळी, सोलां (आमसुले), चिंच, कांदे, माडाचा गूळ, व्हिनेगर, उकडे तांदूळ, हळसांदे (चवळीसारखे कडधान्य) सगळे घरात भरून ठेवायचे. हा शोभेच्या वस्तूंचा बाजार नाही, घरातल्या बायका इथे चार महिन्यांचा हिशेब डोक्यात घेऊन येतात. तुम्हीही तसेच या, मग मजा येईल.

एकच निवडायची तर माझे मत असे: फेस्त बघायला म्हापसा, सामान भरायला मडगाव. एप्रिलच्या मध्यावर सगळा माल पूर्ण वाळलेला नसतो. सोलांची पुटे अजून चढत असतात, सुकी मासळी अजून वाळणीवर असते. मे महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माल भरपूर आणि कडक वाळलेला मिळतो. फक्त वळीव येण्याआधी घ्या, एका पावसात सगळ्या ढिगांवर ओल चढते.

एप्रिलमध्येच यायचे असेल तर मिलाग्रिसचा सोमवार आणि त्याच आठवड्यातला शुक्रवार दोन्ही सापडतील असे बेत करा. फेरी सोमवारनंतरही काही दिवस चालते. तिथे लाकडी सामान, कपडे, खेळणी, खाजे, चणे. खरी घाऊक खरेदी मात्र शुक्रवारच्या बाजारातच. बार्देस, पेडणे, डिचोलीच्या गावांतून बायका टोपल्या घेऊन येतात आणि मुख्य इमारतीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला छत्र्या लावून बसतात. आतल्या दुकानांत जो माल दिसतो त्यात बाहेरगावचा बराच असतो. गावठी माल या कडेच्या टोपल्यांत.

सकाळी साडेआठच्या आत पोचा. अकरानंतर सासूबाईंना ऊन सोसणार नाही, आणि निवडक माल तोवर संपलेला असतो. दुपारी भाव उतरतो हे खरे, पण उतरतो तो उरलेल्या मालाचा. शुक्रवारी गाडी बाजाराच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, मुक्कामावर ठेवा आणि चालत किंवा रिक्षाने जा. रेल्वेने येणाऱ्या कुणासाठी: थिवी स्टेशन जवळचे, तिथून म्हापशाची बस मिळते, आणि बसस्टँड बाजाराला लागूनच आहे.

मिलाग्रिसविषयी एक गोष्ट जाणून मगच जा. सां जेरोमचे हे चर्च 1594 चे. मिलाग्रिस सायबीण आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी आहेत असे इथे मानतात. सात बहिणींतली मिराबाई ती मिलाग्रिस. म्हणून या दिवशी रांगेत हिंदू बायका तेवढ्याच भक्तीने तेल घेऊन उभ्या असतात, आणि चर्च व देवळात तेल-फुलांची देवघेव चालत आली आहे. सासूबाईंना तेल वाहायचे असेल तर छोटी बाटली बरोबर घ्या, सकाळी लवकर रांगेत लागा, मग फेरी फिरा.

लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, काही वर्षी मिलाग्रिसच्याच आठवड्यात येते. सोवळे पाळणारे धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त), होमकुंड, सगळे बघण्यासारखे आहे. पण लहान मुलीला आणि वयस्क माणसाला घेऊन रात्री अग्निदिव्याच्या वेळी जाऊ नका. 2025 साली पहाटे तिथल्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन घ्या.

तिखटजाळ

मिरचीचे मी सांगतो. तुमचे बहुधा घेतानाच चुकले.

मिरची फार कडक वाळली की हाताळताना तुटते, बी सांडते, ठसका उठतो. म्हणून पोती भरताना-रिकामी करताना तिच्यावर पाणी शिंपडायची पद्धत आहे. वजनही वाढते. अशी मिरची हाताला मऊ, चामड्यासारखी लागते आणि दिसायला तजेलदार असते, म्हणून लोक तीच उचलतात. तीच पुढे बुरसते.

पारख तीन ठिकाणी करा. देठ मोडा: टक्कन तुटला पाहिजे, वाकता कामा नये. कानाजवळ हलवा: बी खुळखुळले पाहिजे. मग एक मिरची उभी फाडून आत बघा. इथेच खरे कळते. आतली शीर आणि बी पिवळसर हवे. करडी-काळी भुकटी दिसली तर बुरशी आतून लागलेली आहे, बाहेरून कितीही लाल असो, तो ढीग सोडून पुढे जा. पांढरे-पिवळे डाग पडलेल्या मिरच्या मुठीत दोन-चार निघाल्या तर चालते, पाव ढीग तसा असेल तर नको. आणि ढिगाच्या वरची नव्हे, हात आत घालून तळातली मिरची बघायला मागा. विकणाऱ्या बायका हरकत घेत नाहीत, त्यांनाही जाणते गिऱ्हाईक आवडते.

जाती: पेडणे तालुक्यातली हरमलची मिरची तिखट. काणकोणातली खोल्याची मिरची रंगाला लालभडक, तिखटाला मध्यम, डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. तिला भौगोलिक मानांकनही आहे. ती म्हापशापेक्षा मडगावात सहज मिळेल, कारण काणकोण दक्षिणेला. हळदोण्याची मिरची बार्देसातली, म्हणून तिला म्हापसा बरे. माशाच्या हुमणाला (कालवणाला) अर्धी खोल्याची, अर्धी हरमलची घ्या: रंग एकीचा, जाळ दुसरीचा. तुमच्या कांदा-लसूण चटणीसाठी गोव्याची मिरची न्यायची गरज नाही, तिला तुमच्याकडचीच बरी.

'गावठी' म्हणून ब्याडगी गळ्यात मारतात, ते ओळखा. ब्याडगी लांब, खोल सुरकुत्यांची, मुरडलेली. रंग भरपूर, तिखट कमी. मिरची वाईट नाही, पण गावठीचा भाव तिला देऊ नका.

किती? चौघांच्या एका हुमणाला 8 ते 10 मिरच्या, म्हणजे साधारण 10 ग्रॅम. आठवड्यातून दोनदा धरले तर वर्षाला एक किलो. दीड किलो घ्या, वाळवताना आणि निवडताना थोडी घट येतेच.

घरी नेल्यावर काय करायचे, हे नीट वाचा, कारण कडक मिरचीही इथे बिघडते. कोल्हापूरचे मे महिन्यातले ऊन गोव्यापेक्षा कोरडे, त्याचा फायदा घ्या. दहा ते चार, सलग तीन दिवस, सुती चादरीवर एकेरी थर. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात. तिसऱ्या दिवशी उन्हातून काढलेली मिरची लगेच डब्यात भरायची नाही. गरम भरली की डब्यात आतून घाम सुटतो, तेवढी ओल बुरशीला पुरते. पंख्याशिवाय, सावलीत दोन तास पसरून पूर्ण गार होऊ द्या. मग देठासकट भरा. देठ काढले की तिथल्या भोकातून हवा आणि कीड आत शिरते. तळाला हिंगाचा एक खडा, झाकण घट्ट. एकच मोठा डबा नको, अर्ध्या-अर्ध्या किलोचे तीन करा आणि एकावेळी एकच उघडा. भर पावसात रोज उघडणारा डबा सगळ्यात आधी खराब होतो.

सगळी कुटून ठेवू नका. पूड दोन-अडीच महिन्यांत रंग सोडते.

सुकट

सासूबाई पारखी आहेत म्हणजे अर्धे काम झाले. तरी गोव्यातली नावे वेगळी आहेत. गालमो म्हणजे तुमचा जवळा. सोडे ते सोडेच. खारे बांगडे म्हणजे मिठात मुरवून वाळवलेले, मधोमध चिरलेले. खारी मोरी म्हणजे मुशीचे खारवलेले तुकडे.

सोडे: रंग नारिंगी-गुलाबी, आणि तो सारखा नको, थोडा उन्नीस-बीस हवा. सगळे एकसारखे भडक केशरी दिसले तर रंग घातल्याचा संशय धरा. ओल्या बोटाने चोळून बघा, बोट रंगले तर सोडा. मूठभर घेऊन घट्ट आवळा आणि मूठ उघडा. सुटे होऊन पडले तर वाळलेले, गोळा राहिला तर ओले. वास खारट-गोडसर येतो. नाकात चुणचुणणारा, अमोनियासारखा वास आला तर मासळी वाळायच्या आधीच उतरलेली होती. भाजल्याने तो वास जात नाही.

गालमो: इथे दोष रेतीचा. चिमूटभर तळहातावर घासून फुंकर मारा, तळहातावर रेतीचे कण उरले तर वाळूवर सुकवलेला आहे. घरी चाळून घेतला तरी तो दाताखाली येतोच. पाट्याच्या तळाशी पिठासारखी भुकटी दिसली तर किडे लागलेले आहेत.

खारे बांगडे: फाकून पोटाचा भाग आणि कल्ल्यांची जागा बघा. कीड तिथेच बसते. मांस बोटाने दाबा: घट्ट हवे, बोट रुतले तर नको. अंगावर गुलाबी-लालसर डाग असतील तर अजिबात घेऊ नका. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग येतो, तो मीठ पुसून जात नाही आणि बरणीत बाकीच्यांनाही लागतो. पांढरा मिठाचा थर चालतो, पण तोलण्याआधी झटकून घ्या, नाहीतर मिठाचे पैसे मासळीच्या भावाने द्याल.

प्रमाण: सोडे एका भाजीला 50 ग्रॅम, पावसाळ्यात महिन्याला दोनदा धरले तर चार महिन्यांना 400, म्हणून अर्धा किलो. गालमो पाव किलो. खारे बांगडे 12 ते 15 पुरे, ते रोज खायचे नव्हेत, पेजेबरोबर तोंडी लावायचे. रांधण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवा, एकदा पाणी बदला, मग भाजा.

गालम्याचे किसमूर जरूर करा. मंद आचेवर कोरडा 4-5 मिनिटे भाजायचा, बोटाने चुरला की कुरकुरीत मोडला पाहिजे. चाळून धूळ काढायची. त्यात ओले खोबरे, बारीक कांदा, तिखट, थोडी चिंच कोळून. पानावर बसताना कालवायचे. अर्ध्या तासात ते नरम पडते, मग त्यात राम उरत नाही.

ठेवताना: सोडे-गालमो घरी पुन्हा एक ऊन देऊन, गार करून, काचेच्या बरणीत. फ्रीझरमध्ये जागा असेल तर सगळ्यात उत्तम, वर्षभर रंगसुद्धा बदलत नाही. मात्र फ्रीझरमधून काढलेली पिशवी बाहेर तशीच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर हवेतले पाणी थेट सोड्यांवर बसते. बांगड्यांना ऊन देत बसू नका, तेल सुटते आणि खवट होतात. थर, मूठभर जाडे मीठ, पुन्हा थर, असे बरणीत.

राजारामपुरीकर

बाप रे, डबा गार करून भरायचा हे कुणीच सांगितले नव्हते. आमच्याकडे उन्हातून थेट डब्यात. तिथेच घोळ झाला म्हणायचा.

तुम्हा सगळ्यांचे वाचून मडगावची फेरी पक्की केली. आता आमसुले आणि माडाच्या गुळाचे कोणी सांगेल का? आणि मानकुराद तोवर शिल्लक असतो का? लेकीला आंबा म्हणजे जीव.

साष्टीकार

मडगावचा म्हणून मी सांगतो. पुरुमेंताची फेरी होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची. चर्चचा चौक, मधला तो उंच पांढरा खुरिस (क्रूस), भोवतालची जुनी घरे हे आधी शांतपणे बघून घ्या, तिथे खरेदीची घाई नको. खरेदीच्या दिवशी संध्याकाळी चारनंतर बाहेर पडा, खारे वारे सुटलेले असते, फेरी रात्रीपर्यंत चालते. सुकी मासळी आणि मिरची मात्र सकाळच्या उजेडातच घ्या. दिव्याखाली सगळीच मिरची लाल दिसते.

बार्देसकरांनी सगळे बरोबर सांगितले, फक्त 'सामान मडगावात' याला एक पुस्ती. चोरिस आणि माडाचे व्हिनेगर घेणार असाल तर म्हापशाचा शुक्रवार सरस आहे. चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, मण्यांच्या माळेसारखे. खात नसाल तर सोडून द्या, पण ओळख असू द्या, कारण सुक्या मासळीशेजारीच टांगलेले असते.

आता सोलां. कोकमाची साल काढून तिच्याच रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी सहा-सात पुटे चढली की साल काळपट-जांभळी, जाड आणि मऊ होते. घाईने केलेल्यात दोन-तीनच पुटे असतात, ती पातळ, तपकिरी, कागदासारखी लागतात. आंबटपणा तेवढाच वाटतो पण रंग उतरत नाही. तपासायला एक सोल वाटीभर कोमट पाण्यात टाका. पाच-सात मिनिटांत पाणी हळूहळू तांबडे-जांभळे व्हायला हवे. टाकताक्षणी भडक रंग सुटला तर वरून रंग लावलाय. सोलां थोडी चिकट असतातच, त्याला भिऊ नका. पण पिशवीच्या तळाशी रस साठलेला दिसला तर तुम्ही पाण्याचे वजन विकत घेताय.

चौघांना वर्षाला एक किलो. आमटीला 4-5, सोलकढीला 12 ते 15 लागतात. ठेवायची काचेत किंवा चिनी मातीत, थरांमध्ये बारीक मीठ भुरभुरून. स्टीलच्या डब्यात नको, आंबट आणि मीठ मिळून डब्याला डाग पाडतात आणि सोलांना धातूची चव येते. जुनी सोलां काळी पडली तर बिघडली असे नाही, उलट मुरलेली. फक्त पांढरी लव दिसली की ती टाका.

माडाचा गूळ काळा, मनोऱ्यासारख्या आकाराचा मिळतो. तोडून बघा: आतून दाणेदार पण बोथट चमकेचा हवा, वास धुराचा आणि किंचित खारट. काचेसारखी चकाकी आणि साखरेचे टोकदार खडे दिसले तर साखर घातलेली. हा गूळ हवेतले पाणी भराभर ओढतो. जूनमध्ये उघडा ठेवलात तर पंधरा दिवसांत पाक होईल. केळीच्या सुक्या पानात, मग कागदात, मग घट्ट डब्यात. किलोभर पुरे, दोदोल (गोव्याची गोड मिठाई) करणार असाल तर दोन.

कांद्याच्या वेण्या दिसतील, पातींनी विणलेल्या. मान दाबून बघा, कोरडी आणि आवळलेली हवी. घरी खिडकीजवळ टांगा, बटाट्यांच्या टोपलीत टाकू नका, दोन्ही लवकर कुजतात. चिंच बी काढून, मीठ लावून केलेल्या गोळ्यांची घ्या. नवी फिकट तपकिरी, वर्षाने काळी होते.

घासाघीस: किलोभर घेताना थोडी चालते, पाव किलोला करू नये. दोन-तीन जणींकडे भाव विचारा आणि सगळे सामान शक्यतो एकीकडूनच घ्या. शेवटी मूठभर मिरची वर टाकून मिळते, ती मागावी लागत नाही.

कलमी

मानकुरादचे: मे महिन्याच्या मध्याला असतो, पण उतरणीला लागलेला. एप्रिलअखेर ऐन भर. डझनावर विकतात आणि हंगामाच्या सुरुवातीला भाव डोळे फिरवणारा असतो, मे मध्ये उतरतो. या आंब्याला रेषा जवळजवळ नाही, गर पिवळाधमक, साल पातळ. सालीवर काळे ठिपके असतात, त्यावरून नाकारू नका. देठाकडचा खळगा भरलेला आहे का आणि तिथून वास येतो का ते बघा.

एक धोका: वळवाचा पाऊस झाल्यावरचा आंबा. फळमाशी सालीत अंडी घालते, बाहेरून सुईएवढे भोक आणि त्याभोवती मऊ डाग दिसतो, आत अळ्या. पाऊस पडून गेला असेल तर प्रत्येक आंबा वाटीत चिरून मगच लेकीच्या हातात द्या, चोखायला सबंध देऊ नका. अर्धवट पिकलेला न्या, गवतावर देठ खाली करून, एकेरी थरात. एकावर एक रचले की खालच्यांना भार आणि उष्णता दोन्ही लागतात.

उशिरा आलात तर मुसराद घ्या, त्याचा घट्ट मुरंबा, ज्याला आम्ही मांगाड म्हणतो, फार चांगला होतो. शाव्हियेर, हिलारियो, फर्नांद ही नावे विचारून बघा. एकेक वाणाचे दोन-दोन आंबे घेऊन घरी चव लावून बघणे हा मुलीसाठी पोटभर खेळ होईल. शिवाय मे महिन्यात पणजीत कोकण फळमहोत्सव भरतो, बोटॅनिकल सोसायटी ऑफ गोवाचा. एकाच मांडवात शेकडो आंबे, फणस, कोकमे नावांच्या चिठ्ठ्यांसह मांडलेली असतात. तारीख वर्तमानपत्रात बघा. तिथे कलमेही मिळतात. घ्यायचे तर सांधा पूर्ण जुळलेले, दीड फुटाच्या आतले, नवी पालवी कोवळी नसलेले घ्या. तांबूस कोवळी पाने गाडीच्या उष्णतेत करपतात. लावायचे पहिला चांगला पाऊस मुरल्यावर.

आणखी मुलीसाठी: फेरीवरचे खाजे, बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले-गुळाचा थर आणि तीळ. थर कोरडा हवा, बोटाला चिकटला तर कालचा. एप्रिलमध्ये आलात तर सकाळी नीरो मिळतो, काजूच्या बोंडांचा आपोआप ठिबकलेला रस. दहाच्या आत प्या. दुपारपर्यंत तो आंबू लागतो, मग मुलांना देऊ नये. मे महिन्यात संध्याकाळी वाड्यावाड्यांतल्या खुरसांपुढे लादाईन (सामूहिक प्रार्थना) असते, दिवे लावतात, गातात, शेवटी उकडलेले चणे वाटतात. बाजूला उभे राहिलात तर तुमच्याही हातावर चणे ठेवतील, दोन्ही हात पुढे करून घ्या.

सुकट

गाडीचे राहिले. बंद गाडीत डिकीचे तापमान फार चढते, त्यात मासळीला तेल सुटते आणि वास सगळ्या कपड्यांना. सोडे आणि बांगडे वेगवेगळे, आधी वर्तमानपत्राच्या तीन घड्या, मग जाड प्लास्टिक, मग झाकणाचा स्टीलचा डबा. कागद ओल शोषतो, म्हणून तो आत हवा, बाहेर नव्हे. आमसुले त्या डब्यात नकोत, ती कुठलाही वास धरतात. मिरची प्लास्टिकमध्ये न घेता सुती पिशवीत, आणि ती कॅरिअरवर बांधू नका, आंबोलीत मे महिन्यातही सर येते. आंबे मागच्या सीटच्या पायाशी, उन्हाच्या बाजूला नाही.

पहाटे पाचला मडगाव सोडा. दहा-साडेदहापर्यंत घरी पोचाल आणि त्याच दिवशी मिरचीला पहिले ऊन देता येईल.